हिरड्यांतलं रक्त

माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माहेर रोहण्याचं, सासर आंजीचं. माहेरी कापूस-ज्वारीची कोरडवाहू शेती होती. सासरी विहिरीच्या पाण्यावरची बाडी होती, म्हणजे भाजीपाल्याचं शेत. वांगी, टमाटर, पालक, मेथी, आणि हिवाळाभर सांबार, ज्याला तिकडे पुण्यामुंबईला कोथिंबीर म्हणतात. ही गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे आणि सासूला आत्याबाई. थोरले दीर आणि जाऊबाई याच घरात होते, त्यांची तीन वर्षांची मुलगी होती. माझे यजमान हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की ते तिथंच राहायचे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घरी यायचे.

घरात दात घासायची प्रत्येकाची आपापली रीत होती. मामाजी बाडीकडे जाता जाता निंबाची काडी मोडायचे आणि विहिरीपर्यंत चावत जायचे. आत्याबाई तव्यावर तंबाखू जाळून मिसरी करायच्या आणि न्हाणीपाशी बसून बराच वेळ बोटानं दातांवर फिरवायच्या. जाऊबाईंची चुलीतली राखुंडी. मी माहेराहून लाल मंजनाची डबी घेऊन आले होते. दात दुखला तर दाताकडे लक्ष द्यायचं, लवंग दाबायची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. हिरडी दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

चौदा-पंधरा वर्षांची होते तेव्हापासून चूळ भरली की पाणी कधी कधी गुलाबी यायचं. आई म्हणायची, "उष्ण पडलं तुले," आणि सब्जा भिजवून द्यायची. दोन-चार दिवसांनी रक्त थांबायचं, किंवा मी पाहायचं थांबवायचे.

लग्नाला वर्ष झालं आणि मला दिवस गेले. मार्गशीर्षात चौथा महिना लागला. ओकाऱ्यांनी मी अर्धी झाले होते. मंजनाचा वास आला तरी पोटात ढवळायचं, म्हणून मी मंजन सोडलं. त्यातच हिरड्या सुजल्या. भाकरीचा तुकडा चावला की त्याच्या कडेला लाल डाग उमटायचा. बोट लावलं की रक्त येतं, म्हणून मी बोट लावणंही बंद केलं आणि नुसत्या पाण्यानं चूळ भरू लागले. मला वाटलं, हात लावला नाही तर बरं होईल. झालं उलटंच. रक्त वाढलं. थंडीचे दिवस, पहाटे बाडीतल्या ओल्या सांबारात वाकून काम, त्यामुळे खोकलाही लागला होता.

एक दिवस जाऊबाईंनी अंथरूण-पांघरूण अंगणात उन्हाला टाकलं. माझ्या उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग होता. झोपेत लाळेबरोबर आलेलं रक्त होतं ते. मी दुरून पाहिलं. जाऊबाई अभ्रा हातात धरून उभ्या होत्या, मग त्यांनी तो दोन बोटांत धरून खाली टाकला आणि न्हाणीत जाऊन हात धुतले. मला त्या काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं झालं. एक जुनं ॲल्युमिनियमचं ताट आणि पाण्याचा एक गडवा, दोन्ही सैपाकघराबाहेरच्या कोनाड्यात. आत्याबाई म्हणाल्या, "तुले वासाचा तरास होते नं, म्हून बाहेरच जेवत जा." त्या दिवसापासून मला पिण्याच्या पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही. जाऊबाईंची मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली की तिला हाक मारून नेत. तीन दिवसांनी तीच मला सांगून गेली, "काकू, आजी म्हनते तुह्यापाशी नोको बसू. तुले टीबी हाये."

टीबी हा शब्द तेव्हा कोणी मोठ्यानं बोलत नसे. मला राग आला नाही. मला खरंच वाटलं की असेल. वजन उतरलेलं, खोकला, तोंडातून रक्त. आमच्या रोहण्याला अशीच एक बाई गेली होती, तीही बाळंतपणाच्या आधी. मी बाडीत काम करता करता थुंकायचे आणि वाकून पाहायचे. खोकला आला की थुंकी पांढरी असायची. जिभेनं दात चोखले की लाल. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायचं धाडस नव्हतं. आपण आपल्या सोयीचं पाहतो आहोत असं वाटायचं. पोटातल्या जिवाचं काय होईल, याचा विचार आला की हात थांबायचे.

मामाजींसमोर मी बोलत नसे. डोक्यावर पदर, मान खाली, विचारलं तर हूं किंवा नाई, एवढंच. त्या दिवशी आम्ही दोघंच बाडीत होतो. ते सांबाराच्या जुड्या बांधत होते, मी थोडी दूर बसून पालक खुडत होते. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थुंकले आणि पायानं माती सारली.

"सूनबाई, काय झाकून राह्यली?"

मी पालक खुडत राहिले.

"बोल नं. अठी दुसरं कोनी नाई."

"रक्त येते, मामाजी."

"खोकल्यातून?"

"मले नाई समजत."

त्यांनी मान वर केली नाही. हातातली जुडी पूर्ण बांधली, बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुह्यं ताट येगळं हाये, ते म्या चार-पाच रोजापासून पाहून राह्यलो. मले वाटलं, तुमच्या बायकाईचं काही असन. इचारलं नाई, चूक झाली. उद्या सकाऊन माह्यासंगं वर्ध्याले चाल."

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात नेलं की गावभर होईन. तिले रोहण्याले पाठवून द्या. पयलं बायतपन तसंही माहेरीच असते."

"बायतपनाले पाच महिने हायेत," मामाजी म्हणाले. "धडधाकट पोरगी आनली लोकायची. आता बीमार पडली तं तिच्या बापाच्या दारात सोडून येऊ? अन् त्याले सांगू काय?"

आत्याबाई भाकरी थापत राहिल्या. पण सकाळी त्यांनी मला बाजूला बोलावून स्वतःची लोकरी शाल दिली. तेव्हा मला ते समजलं नाही. त्यांच्या मनात भीती आणि माया दोन्ही एकाच वेळी होत्या, हे आता समजतं.

आम्ही एस.टी.नं गेलो. मामाजींनी पिशवीत दोन-तीन किलो वांगी घेतली होती, डॉक्टरसाठी. दवाखान्यात छातीच्या डॉक्टरपुढे मोठी रांग होती. मामाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी छाती-पाठ तपासली, कितवा महिना ते विचारलं. मग मला एक पांढरा कापूस दिला.

"खोकला आणि यावर थुंका."

थुंकले. कापूस पांढराच राहिला.

"आता दात-हिरड्या जिभेनं चोखा, आणि पुन्हा थुंका."

कापूस लाल झाला. त्यांनी बॅटरी घेऊन तोंड उघडायला लावलं, कापसाचा बोळा खालच्या हिरडीवर हलकेच दाबला आणि मला दाखवला. "रक्त इथलं आहे, बाई. छातीतलं दिसत नाही. तरी थुंकी तपासून घेऊ. तीन दिवस सकाळची थुंकी या डब्यांत पाठवा. आणि आज दातांच्या खोलीत जाऊन या."

दातांच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. नागपूरच्या वाटल्या, बोलण्यात मराठी-हिंदी मिसळलेलं. त्यांनी मला उंच खुर्चीवर बसवलं आणि हातात आरसा दिला.

"कधी पाह्यल्या का हिरड्या आपल्या?"

दात पाहिले होते. हिरड्या खरंच कधी पाहिल्या नव्हत्या. गडद लाल, फुगलेल्या, वरून चमकणाऱ्या. दोन दातांच्या मधली हिरडी तर वाटाण्यासारखी वर आलेली. खालच्या दातांच्या मागं पिवळट, दगडासारखा थर. मला स्वतःचीच किळस आली.

"घासता कशानं?"

"मंजनानं घासत होती. रक्त येते म्हणून सोडलं."

"बस, सगळ्या बाया हेच करतात." त्या हसल्या, पण हिणवून नाही. "रक्त येते म्हणून घासणं सोडलं, तर जास्त येईल. जेवलेलं दाताच्या मुळाशी चिकटून राहते, त्याचा थर जमते. थर साफ नाही केला की तो कडक होते, त्याला आम्ही कीटण म्हणतो. ते हिरडीला टोचते, हिरडी सुजते. अन् दिवस गेल्यावर हिरड्या जास्तच नाजूक होतात, थोडासा मळ असला तरी फुगतात. बिमारी छातीत नाही, इथं आहे. आणि ही ठीक होते."

मग त्यांनी एका बारीक, वाकड्या टोकाच्या हत्यारानं कीटण काढायला सुरुवात केली. करकर असा आवाज थेट कानात. त्यांचा डावा हात माझ्या हनुवटीखाली होता. अर्ध्यात माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"दुखलं का?"

मी मान हलवली, नाही. दुखत नव्हतं. आठवडाभर घरात मला कोणी हात लावला नव्हता, आणि ही अनोळखी बाई माझ्या रक्ताळलेल्या तोंडात निवांत बोटं घालून काम करत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी क्षणभर थांबून माझं तोंड पुसलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

नंतर त्यांनी मामाजींना आत बोलावलं. मामाजींनी विचारलं, "डॉक्टरीनबाई, हे खरडून काढलं तं दात हालनार तं नाईत? आमच्या गावात म्हनतात, दात साफ केले का ढिले होतात."

"बाबाजी, दात मळानं ढिले होतात, सफाईनं नाही. हिरडी आतून खचली की दात कितीही मजबूत असला तरी पडते."

त्यांनी मऊ ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. दाताच्या आणि हिरडीच्या सांध्यावर, हळूहळू, गोल गोल. दिवसातून दोनदा. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. "पहिले आठ दिवस रक्त येईल. घाबरायचं नाही, थांबायचं नाही." वांगी त्यांनी आधी घेतली नाहीत. मामाजी पिशवी टेबलाजवळ ठेवून निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारून पिशवी तेवढी रिकामी करून परत दिली.

बसस्थानकावर मी मामाजींना सगळं सांगितलं, आरशात काय दिसलं ते, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. वर्षभरात बोलले नसेन एवढं त्या अर्ध्या तासात बोलले. डोक्यावरचा पदरही मागं गेला होता, मला नंतर लक्षात आलं. गाडी सुरू झाल्यावर मामाजी खिडकीकडे तोंड करून बराच वेळ आपल्याच हिरड्या बोटानं चाचपत होते.

घरी आत्याबाई दारातच होत्या.

"हिले टीबी-फीबी काही नाई," मामाजी म्हणाले. "हिरड्यातून रक्त येते."

"हिरड्यातून तं माह्याबी येते," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्यानं का कोनी दवाखान्यात जाते?"

तीन दिवस मामाजींनी थुंकीच्या डब्या भाजीच्या गाडीबरोबर वर्ध्याला पोचवल्या. ते तीन दिवस आणि अहवाल येईपर्यंतचे पुढचे काही दिवस, माझं ताट बाहेरच होतं. अहवालात काही निघालं नाही. त्या दुपारी मी जेवायला गेले तर माझं पितळी ताट आत, सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडलेलं. कोणी एक शब्द बोललं नाही. आणि मला तेव्हा राग आला. इतके दिवस न आलेला राग त्या ताटापुढे बसल्यावर आला. मी उठून बाडीत निघून गेले.

थोड्या वेळानं जाऊबाई मागून आल्या. धुऱ्यावर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "अभ्रा म्याच दाखवला होता आत्याबाईले."

"मले मालूम हाये."

"माहा भाऊ बावीस वर्साचा होता. पयले असाच उशीवर डाग दिसला. आईनं सगळ्यायपासून लपवला. मंग धाकटी बहीन बी गेली." त्या रडत नव्हत्या, सांगत होत्या. "माह्या पोरीचा जीव डोयापुढे आला. तुह्यासंगं बोलाले पायजे होतं. नाई बोलली."

मी टोपली दोघींच्या मधे ओढली. मग आम्ही दोघी मिळून उरलेला पालक खुडला.

ब्रश मी रोज दोनदा करत होते. पहिल्या आठवड्यात न्हाणीचा दगड लाल व्हायचा आणि जीव घाबरायचा. डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवून मी घासत राहायचे. पंधरा दिवसांनी पाणी स्वच्छ येऊ लागलं. यजमान पुढच्या रविवारी घरी आले आणि त्यांना सगळं कळलं, तेव्हा ते माझ्यावरच चिडले, कागद का टाकला नाहीस म्हणून. कागदात काय लिहायचं होतं, ते मलाही माहीत नव्हतं. वैशाखात रोहण्याला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत.

पुढची दोन-तीन वर्षं बाडीतली, लेकराच्या मागची. त्या काळात आत्याबाई सगळ्यांच्या मागून जेवू लागल्या होत्या. भाकर दुधात नाहीतर वरणात कुस्करून घ्यायच्या. बोलताना पदर तोंडावर धरायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं." वय पन्नाशीच्या आतबाहेर.

एका दुपारी त्या माझ्यापाशी आल्या आणि मूठ उघडली. तळहातावर खालचा पुढचा दात होता. अख्खा, कुठं कीड नाही, मुळापाशी काळपट थर.

"जेवता जेवता आला. दुखलं बी नाई वं." त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "असा कसा आला?"

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला नेलं. एस.टी.त त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. आमच्या रस्त्यात पवनार लागत नाही, पण आत्याबाई कुठल्याही वर्ध्याच्या प्रवासाला पवनारच्या आश्रमाचं नाव घेऊन हात जोडायच्या. तसे जोडले, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तवा तुले म्या बाहेर बसवलं होतं. मी भेली होती. पोटुशी पोरगी, तिले असं करू नाई, हे मले समजत होतं. तरी केलं."

"झालं ते झालं, आत्याबाई."

"नाई. झालं ते झालं असं तू म्हनू नोको. मले म्हनू दे का चुकलं."

मी त्यांचा हात हातात घेतला. मिसरीनं काळं पडलेलं बोट वर आलं होतं.

डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती. त्यांच्या जागी एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी आत्याबाईंच्या हिरड्या तपासल्या आणि सांगितलं की पायरिया फार जुना आहे, आतलं हाडही झिजलं आहे. तीन दात काढावे लागले. बाकीचे चार खेपांत साफ केले. "हे दात राहतील," ते म्हणाले, "पण मिसरी आजपासून बंद."

आजपासून काही बंद झाली नाही. वर्ष लागलं. आत्याबाईंनी मिसरीचा तवा माझ्यासमोर फेकला आणि आठ दिवसांनी मला गोवऱ्यांच्या रचेत डबी सापडली. मी ती त्यांच्यापुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "तीस वर्साची सवय, पोरी. हात आपसूक जाते." मग आम्ही ठरवलं की त्यांच्या आधी मी न्हाणीपाशी जायचं आणि त्यांना ब्रश हातात द्यायचा, म्हणजे बोटाला काम राहणार नाही. दोघी एकाच दगडावर बसून दात घासायचो. मामाजी जाता जाता पाहायचे आणि निंबाची काडी चावत हसायचे. त्यांच्या हिरड्या शेवटपर्यंत चांगल्या राहिल्या, हे मात्र खरं.

कधीतरी डबी सापडायची थांबली. आत्याबाई पुन्हा सगळ्यांबरोबर पंगतीत बसू लागल्या. कडक भाकर त्यांना जमायची नाही, पण तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्या की त्या टोपलीपाशी पहिल्या बसायच्या.

ऐंशीनंतरची एक गोष्ट सांगते. शेजारच्या घरात अल्लीपूरची नवी सून आली होती, सातवा महिना होता तिला. विहिरीवर पाणी भरताना तिनं चूळ टाकली आणि झटकन पाणी ओतून दगड धुतला. आत्याबाई कपडे पिळत होत्या. त्यांनी पिळलेलं लुगडं बादलीत टाकलं आणि सगळ्या बायांदेखत विचारलं, "रक्त येते का वं हिरड्यातून?"

पोरगी लाजून लाल झाली. "नाई, आजी."

"खोटं काऊन बोलते? येते तं येते. लाजाचं काय त्याच्यात? माह्या सुनेलेबी येत होतं, मलेबी येत होतं. उद्या माह्यासंगं चालजो."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच तिला घेऊन गेल्या. एकट्या, मला न घेता, चांगलं नऊवारी नेसून. संध्याकाळी परतल्या त्या तणतणत. दातांची खोली त्या दिवशी बंद होती, डॉक्टर नागपूरला गेले होते, दिवसभर दोघी बाकावर बसून आल्या होत्या.

"मंग आता?" मी विचारलं.

"मंग काय? गुरुवारी उघडते म्हने. गुरुवारी पुन्हा जातो," त्या म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या. "तिच्या सासूले मी सांगून आली. तोपर्यंत मिठाच्या गुयन्या कर म्हटलं तिले."

गुरुवारी त्या दोघी सकाळच्या गाडीनं गेल्या.